शुभे, नाचायला जातेस तर हे वाच

प्रिय शुभा,

तुझं पत्र मिळालं. डिसेंबरात तुम्ही तिघी गोव्याला चाललात, राहायची जागा ठरली, आणि पत्राच्या अगदी शेवटी विचारलंयस, "छप्पन्नाव्या वर्षी क्लबात जाऊन नाचणं बरं दिसेल का गं?" ते बरं दिसण्याचं आधी मिटवून टाकते, मग कामाचं बोलते.

क्लबात नाचायची ही सगळी रीत सुरू झाली तेव्हाची माणसंच आज आपल्या वयाची किंवा आपल्याहून मोठी आहेत. न्यूयॉर्कला डेव्हिड मॅन्क्युसोने १९७० साली राहत्या जागेतच लोकांना नाचायला बोलवायला सुरुवात केली. शिकागोतला 'वेअरहाउस' क्लब १९७७ चा, 'हाउस' या नाचायच्या संगीताला नाव मिळालं ते त्याच्यावरून. बागा किनाऱ्यावरचं 'टिटोज' १९७१ चं. तेव्हा विशीत नाचलेले आज सत्तरीत आहेत. बर्लिनचा 'ट्रेसॉर' क्लब १९९१ साली उघडला, त्याचे पहिले नाचणारे आता पन्नाशी ओलांडून गेले, आणि २०२४ साली जर्मनीने तिथल्या टेक्नोला, म्हणजे यंत्रांवर वाजणाऱ्या नाचायच्या संगीताला, आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. आपल्याकडे तर मंगळागौरीच्या जागरणाला सासू, नणंद, मावशी सगळ्याच पदर खोचून पहाटेपर्यंत पिंगा घालतात. तेव्हा कुणाला विचारत बसू नकोस. कुणी पोरीने 'आंटी' म्हटलं तर हसून हात पुढे कर, ती पण नाचायलाच आलेली असते.

आता वेळेचं. गोव्यात तुझ्या सोयीची वेळ संध्याकाळची. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० साली आले, त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारने मोजक्या दिवसांची सूट दिली तरच. म्हणून किनाऱ्यावरच्या उघड्या जागा दुपारी चार-पाचपासूनच रंगायला लागतात, त्यालाच सनडाउनर म्हणतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. पाचला पोचलात तर उजेडात जागा नीट पाहून होते, पायऱ्या कुठे, पाणी कुठे, बाथरूम कुठे. फ्लोअरवर गर्दी नसते, आवाजही अजून चढलेला नसतो. साडेनऊला निघा, दहाला जेवा, अकराला झोपा. रात्रीच्या बंदिस्त क्लबात खरी गर्दी अकरानंतर होते. तिथे एक रात्र जरूर जा, पण त्या दुपारी दीड तास झोप काढ आणि आदल्या रात्री जागू नकोस. सलग दोन जागरणांचा शीण या वयात दोन दिवस उतरत नाही.

दक्षिणेकडे गेलात तर काणकोणातल्या पाळोळ्याला हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या होतात. त्या याच दहाच्या नियमातून निघाल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर बिनतारी हेडफोन, त्यात दोन-तीन चॅनेल, हवं ते संगीत लावायचं. आपल्यासाठी त्यात मोठी सोय अशी, की आवाजाचं बटण आपल्या हातात असतं, आणि बोलायचं असलं की हेडफोन मानेवर उतरवला, झालं.

कारण खरी जपायची गोष्ट म्हणजे कान. गुडघ्यांची काळजी सगळ्याजणी करतात, कानांची कुणी करत नाही, आणि गुडघा दुखला तर बरा होतो, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो. त्याच्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सांगितली, म्हणजे मर्यादा पाळणारा क्लबसुद्धा तुझ्या कानांना पाव तासच पुरतो. हातभर अंतरावरच्या मैत्रिणीशी ओरडून बोलावं लागलं, की समज आवाज पंच्याऐंशीच्या वर गेलाय.

म्हणून इअरप्लग. पण औषधाच्या दुकानातले पिवळे फोमचे नकोत. ते बारीक, उंच सूर जास्त खातात आणि ढोलाचा आवाज तसाच आत सोडतात, त्यामुळे संगीत गोधडीतून आल्यासारखं ऐकू येतं आणि पंधराव्या मिनिटाला माणूस ते काढून पर्समध्ये टाकतो. वादकांसाठी केलेले सिलिकोनचे मिळतात, मधे बारीक फिल्टर असतो. ते सगळे सूर सारखेच खाली आणतात, साधारण पंधरा ते वीस डेसिबल. शंभरातून पंधरा गेले की ८५ उरतात, म्हणजे तुझी अख्खी संध्याकाळ सुटली. घालताना उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून ने, कानाची वरची कड वर आणि मागे ओढ, मग उजव्या हाताने प्लग हलकेच फिरवत आत सरकव. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. येत नसेल तर काढून पुन्हा घाल, अर्धवट बसलेला प्लग नसल्यासारखाच. आत शिरण्याआधी घाल, कानात शिट्टी वाजायला लागल्यावर नाही. आणि स्पीकरच्या तोंडाशी उभी राहू नकोस. डीजेसमोरची पहिली रांग सोडून मागे ये, जिथे साउंडवाल्याचं टेबल असतं तिथे सगळ्यात छान ऐकू येतं, कारण तो तिथे बसूनच आवाज जुळवतो.

पायांकडे येते. चप्पल-सँडल नको, बोटांवर कुणाची तरी टाच पडतेच. नवे कोरे रबरी तळाचे स्पोर्ट्‌स शूजही नकोत. तळ जमिनीला चिकटतो, अंग वळतं, आणि मधे सापडतो तो गुडघा. उलट गुळगुळीत कातडी तळ सांडलेल्या बिअरवर घसरतो. वर्ष-दोन वर्षं वापरलेले, तळाची नक्षी थोडी झिजलेले कॅनव्हासचे बूट उत्तम. घरी फरशीवर पारख कर: चवड्यावर उभी राहून पाऊल वळव. जरासं अडत अडत वळलं तर बूट योग्य, जागीच रुतलं किंवा सुळकन फिरलं तर दुसरा जोड बघ.

स्टेप एकच शीक, ती रात्रभर पुरते. हाउस संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके असतात आणि ढोल प्रत्येक ठोक्याला पडतो, धम्, धम्, धम्, धम्. पहिल्या ठोक्याला उजवा पाय वीतभर बाजूला टाक आणि वजन त्याच्यावर घे. दुसऱ्याला डावा त्याच्याजवळ आणून नुसता टेकव, वजन देऊ नकोस. तिसऱ्याला तोच डावा बाहेर, चौथ्याला उजवा टेकव. गुडघे कायम किंचित वाकलेले, जसे चालत्या लोकलमध्ये दांडा न धरता उभं राहताना असतात. टाच जमिनीला लागावी पण आपटू नये. हात कोपरातून सैल, खांदे खाली. वळायचं असलं की आधी टाच उचल, चवड्यावर फीर, मग शरीर वळव. झिम्म्यात आपण हेच करायचो. दमलीस तर एकाआड एक ठोक्याला पाऊल टाक, गती निम्मी होते आणि तालही सुटत नाही. उड्या मात्र मारू नकोस. लाकडी फळ्यांची जमीन झटका पोटात घेते, गोव्यातल्या बहुतेक जागी खाली काँक्रीट आणि वर फरशी, ती तो सगळा परत टाचेत, गुडघ्यात, कमरेत पाठवते.

संगीताची ठेवणही ओळखून ठेव. सोळा-बत्तीस ठोक्यांनी काहीतरी बदलतं. मधेच ढोल थांबतो, नुसते सूर तरंगत राहतात, मग आवाज चढत चढत जातो आणि ढोल पुन्हा कोसळतो, त्याला ड्रॉप म्हणतात. ढोल थांबलेला तो अर्धा-एक मिनिट म्हणजे तुझी विश्रांती. जागीच डोल, श्वास खाली आण. आणि सगळ्यांचं लाडकं गाणं लागलं की बाथरूमची रांग ओसरते, तेव्हा जाऊन ये. रांगेच्या धास्तीने पाणी कमी पिऊ नकोस, या वयात तहान उशिरा लागते. अर्ध्या तासाला एक पेला, बारमध्ये फ्रेश लाइम सोडाही सगळीकडे मिळतो.

डोळ्यांबद्दल एक. तुझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. खाली बघितलं की त्याचा वाचायचा भाग मधे येतो आणि पायरी धूसर होते. अंधारात आणि चमकत्या दिव्यांत याच कारणाने माणसं पडतात. फक्त लांबचा एक साधा चष्मा करून घे, मागून दोरी लाव. उजेडातून आत गेल्यावर दाराशी दोन मिनिटं थांब, आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पोरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

पिण्याचं तू ठरव, पण हिशेब माहीत असू दे. आपल्याकडचा लहान पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. लहान पेगात साधारण दहा ग्रॅम मद्य, ते उतरायला शरीराला तास-सव्वा तास लागतो. वयाबरोबर अंगातलं पाणी घटतं, म्हणून तोच पेग आता जास्त चढतो. पेला कायम हातात ठेव, नजरेआड झालेला परत तोंडाला लावू नकोस. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून मुळीच नको, त्याने झिंग झाकली जाते, उतरत नाही.

आणि हे नीट वाच. तुझी साखरेची गोळी कोणती? नुसती मेटफॉर्मिन असेल तर चिंता कमी. ग्लिमेपिराइडसारखी असेल, तर नाचणं आणि मद्य दोन्ही मिळून साखर एकदम खाली आणू शकतात, कारण मद्य पचवण्यात गुंतलेलं यकृत साखर सोडायचं काम मागे टाकतं. हे तिथेच होईल असं नाही, पहाटे झोपेतही होतं. घाम, थरथर, जीभ अडखळणं ही लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात, आणि लोक सोडून देतात. दोघी मैत्रिणींना आधी सांगून ठेव, पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेव, रिकाम्या पोटी जाऊ नकोस, दोन तास आधी वरण-भात-भाजी जेव. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी मोजून दम कळायचा नाही, कारण ती फारशी चढतच नाही. तिथे एकच कसोटी: वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. निघण्याआधी तुझ्या डॉक्टरांना हे दोन प्रश्न विचारच.

तयारीला अजून आठ आठवडे आहेत. घरी दिवसाआड तीन गाण्यांवर नाच, म्हणजे बारा मिनिटं. दर आठवड्याला एक गाणं वाढव. जोडीला खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं, ओट्याला धरून चवड्यांवर पंधरादा उभं राहणं, दात घासताना एका पायावर अर्धा मिनिट. पोटरी आधी बोलते, ती तयार असली की बाकीचं जमतं.

कपड्यांत जाड सुती नको, घामाने भिजून अंगाला चिकटतं आणि एसीखाली हुडहुडी भरते. सैल, पातळ, वरून काढता येईल असं काहीतरी. ओळखपत्र बरोबर ठेवा, दारात मागतात. कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे, भरताना तो खाण्यापिण्यात वळता होतो का ते आधी विचारा. परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा, चालकाचा नंबर तिघींकडेही असू दे, मध्यरात्री रस्त्यावर उभं राहून गाडी शोधायची वेळ येऊ नये.

दुसऱ्या दिवशी पडून राहू नकोस, वाळूत अर्धा तास अनवाणी चाल, पोटऱ्या सुटतात. कानाला दडा बसला असेल तर तो दिवस संगीताशिवाय काढ. दोन दिवसांत गेला नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे लगेच.

प्लगचे दोन जोड मी उद्याच कुरियरने पाठवते, एक लहान मापाचा, एक मधला. घरी मिक्सर चालवून दोन्ही घालून बघ आणि कुठला बसतो ते कळव. गोळ्यांची नावंही त्याच पत्रात लिही.

तुझी,
माधवी