यंत्राला सुताचे माप कळावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुडाळजवळ माझा दरवाजे, देव्हारे आणि मखरे करण्याचा लहानसा कारखाना असून, तेथे कर्ज काढून घेतलेले सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणारे-कोरणारे यंत्र, आहे. यंत्राच्या कामाबद्दल तक्रार नाही; तक्रार आहे ती ते चालवण्याच्या रीतीबद्दल. फणसाच्या फळीचा रेषा बोटाने ओळखणारे माझे कारागीर पडद्यावर जी५४, जी२१ अशी यंत्राच्या आज्ञांची सांकेतिक अक्षरे दिसली की हात मागे घेतात.

गेल्या पावसाळ्यात एकाने उंचीचे शून्य, म्हणजे जेथून यंत्र उंची-खोली मोजते ती जागा, फळीच्या माथ्याऐवजी यंत्राच्या पाटावर धरले. त्यामुळे यंत्राच्या हिशेबाने ५ मिलिमीटर वर असलेले बिट (कापणारे फिरते पाते) प्रत्यक्षात १८ मिलिमीटरच्या फळीच्या पोटात शिरले आणि आडवे सरकताच मोडले. विक्रेत्याचे उत्तर एवढेच, की शिकलेला ऑपरेटर ठेवा!

वास्तविक, बिटाखाली धातूची पट्टी ठेवली की स्पर्श होताच विद्युतमंडल पूर्ण होऊन यंत्र थांबते आणि पट्टीची जाडी वजा करून स्वतःच शून्य ठरवते. ही सोय फारशी खर्चाची नाही, तरी ती यंत्रासोबत न देता जादा वस्तू म्हणून विकली जाते. मापाचेही तसेच. आमच्याकडे आठ सुतांचा इंच चालतो. कारागीर ‘तीन सूत खोल’ म्हणतो, त्याचे ९.५२५ मिलिमीटर दर वेळी कागदावर करावे लागतात. हे गणित यंत्राने का करू नये? शिवाय कोकणात पावसात वीज जाणे नित्याचे. वीज परतल्यावर बिट नेमके कोठे होते हे आमच्या यंत्राला ठाऊक नसते. अशा वेळी पुन्हा मूळ जागी जाऊन शून्य तपासल्याखेरीज त्याने कापायला सुरुवातच करू नये.

अनेक लहान यंत्रांत चालणारे ‘जीआरबीएल’ हे नियंत्रण सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे, म्हणजे कोणालाही पाहता आणि बदलता येणारे, आहे. त्याला आज्ञा पाठवणारा, ‘शून्य कोठे धरले?’, ‘बिट कोणते लावले?’ असे मराठीत विचारणारा आणि कापण्याआधी बिट हवेतच फिरवून दाखवणारा पडदा कोकणातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून करता येईल. मात्र तो करताना शेजारी सुतार बसवावा. चतुर्थीपर्यंत आमच्याकडे मखरांची घाई असते. त्यानंतर माझे यंत्र आणि मोडायला चार जुनी बिटे या कामासाठी मोकळी आहेत.

आपला,
एक कारखानदार वाचक, कुडाळ