मोहीम ‘अपयशी’ कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लडाखमधल्या कांग यात्से-2 या 6,250 मीटर उंच शिखरावर गेलेल्या नाशिकच्या आमच्या गटाबद्दल ‘मोहीम अपयशी’ अशी बातमी एके ठिकाणी छापून आली. मी त्या गटात होते, वय 58. ती बातमी मनाला लागली, म्हणून हे पत्र.

पाच हजार मीटरच्या वरच्या तळावर आम्ही तीन रात्री वाऱ्यात काढल्या. पहिल्या रात्री बाराला निघायचं होतं. बूट चढवून, क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटांना लावायचे खिळे) सॅकला बांधून आम्ही तयार बसलो होतो. गाईडने तंबूची चेन उघडून एवढंच सांगितलं, “आज नहीं, मॅडमजी.”

मग काम एकच, तंबू सांभाळणं. दर दोन तासांनी कोणीतरी बाहेर जाऊन दोऱ्या ताणायच्या, निसटलेले दगड पुन्हा रचायचे. कापड इतकं फडफडायचं की शेजारणीशीही ओरडून बोलावं लागे. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, म्हणून आत स्टोव्ह पेटवायला सक्त मनाई. पाण्याची बाटली आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपायचं. उणे दहा तापमानात ताशी 50 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे बावीससारखं झोंबतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. अशा वेळी डोंगराच्या धारेवर पाय ठरायचा कसा?

उजाडलं की आम्ही धारेकडे बघायचो. तिथून बर्फाचा भुगा पांढऱ्या शेपटीसारखा उडत असे. ती शेपटी म्हणजे आमचा दुतोंड्या मारुती, गोदावरीच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात! गोदेचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की रामकुंडात कोणी उतरत नाही, आणि त्याबद्दल नाशिकमध्ये कोणी कोणाला भित्रा म्हणत नाही.

चौथ्या सकाळीही शेपटी तशीच होती. राखीव दिवस संपले होते, शिधाही संपत आला होता. कित्येक महिने पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून तयारी केलेला, गटातला सर्वांत लहान मुलगा रडला. तरी “उतरू या” हे आधी तोच म्हणाला. मला त्याचा फार अभिमान वाटतो. ती बातमी वाचून त्याच्या आईला सांत्वनाचे फोन आले.

गिर्यारोहणाच्या बातमीत गट किती उंचीपर्यंत गेला, किती दिवस थांबला आणि कशामुळे परतला, हे कृपया छापावं. तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे. परतल्यावर त्याला पहिला प्रश्न “शिखर झालं का?” हा नको.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक