आई-बाबा, वेळासच्या प्लॉटचा विसार एवढ्यात देऊ नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर वेळासचा प्लॉट घ्यायचा विषय काढला की बाबा लगेच म्हणतात "तू आधी बघून तरी ये" आणि बोलणं तिथेच थांबतं, म्हणून शेवटी गेले बघायला. शुक्रवारी हाफ डे टाकला, ताम्हिणीतून माणगाव, मग म्हाप्रळ, मंडणगड आणि तिथून वेळास, चहापाण्याला थांबून सहा तास लागले. दोन रात्री राहिले, गावातल्याच एका काकूंकडे. सगळं नीट लिहूनच पाठवते म्हणजे तुम्हाला दोघांना शांतपणे वाचता येईल.

गाव सुंदर आहे, आधी तेच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नाट लावायलाच गेले होते. चिऱ्याचे गडगे, पाखाड्या, माड-पोफळीच्या वाड्या, दुपारी सुद्धा घरात गारवा. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, बाबा तुम्ही तिथे गेलात तर देवळापाशीच तास काढाल. आणि एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली, जुनी वस्ती समुद्राला खेटून नाहीच, किनाऱ्यावर जायचं तर चांगलं पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, वारा आणि खारं पाणी अंगावर घेऊन कोण राहील गं. आपल्याला दाखवलाय तो प्लॉट मात्र बरोब्बर समुद्राच्या बाजूचा, आणि भाव पण त्याचाच लावलाय.

सकाळी सात वाजता कासवं सोडतात ती बघायला गेले. आई, तू पाहिजे होतीस. वाळूत जाळीच्या कुंपणाआड घरटी केलेली असतात, त्यावर टोपल्या पालथ्या घातलेल्या, टोपली उचलली की खाली तळहातापेक्षा लहान काळी पिल्लं वळवळत असतात, ती किनाऱ्यावर ठेवली की आपापली पाण्याकडे निघतात. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ५५ दिवस. पूर्वी इथे अंडी चोरून नेऊन खायचे लोक. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संवर्धनाचं काम सुरू केलं, गावातली माणसं त्यात उतरली, मग कासव महोत्सव आला आणि त्यावर घराघरात पाहुणे उतरायला लागले. म्हणजे या गावाला आज जे काही उत्पन्न पर्यटनातून मिळतंय ते किनारा अंधारा आणि मोकळा राहिला म्हणून मिळतंय. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात ना, किनाऱ्यावर बंगल्यांचे दिवे लागले की ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. मला तिथे उभं राहून खरंच असं वाटलं की आपण या किनाऱ्यावर दिवे लावणाऱ्यांपैकी व्हायला नको.

आता प्लॉटचं. कासवं वीण करतात तो किनारा सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमात सगळ्यात कडक वर्गात येतो, आणि गावाकडच्या विरळ वस्तीच्या भागात भरतीच्या रेषेपासून आत २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं. भरतीची रेषा म्हणजे आपण बघतो ती ओली वाळू नाही, ती नकाशावर ठरवलेली असते. एजंटने मला ज्या कोपऱ्यात उभं करून "इथे तुमची बाल्कनी" असं सांगितलं तो कोपरा मोबाईलवर मोजला तर सुरूच्या बनापासून जेमतेम दीडशे मीटर. त्याला विचारलं, सीआरझेडचा नकाशा दाखवा, तर म्हणाला मॅडम इथे सगळेच बांधतात. असं उत्तर देणाऱ्या माणसाला बाबांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे द्यायचे हे मला पटत नाही.

दुसरं, जमीन शेतीची आहे, वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३, परवानगीशिवाय तो व्यवहारच धरत नाहीत. बाबा शेतकरी नाहीत. आई, तुझं नाव आजोबांच्या सातबाऱ्यावर होतं पण तू मामाला हक्कसोड करून दिलंस तेव्हा ते कमी झालं. (त्याबद्दल मला कधीच वाईट वाटलं नाही, नुसतं सांगतेय.) एजंट म्हणतो शेतकरी दाखला आम्ही काढून देतो. तो दाखला खोटा निघाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते आणि कोर्टात तुम्ही दोघं उभे राहाल, तो नाही. शिवाय प्लॉट आठ गुंठे, आणि तुकडेबंदीच्या नियमात जिरायतीला कमीत कमी २० गुंठे लागतात, बागायतीला १०. म्हणजे हा तुकडा वेगळा सातबारा होऊन आपल्या नावावर येणं मुळातच अडचणीचं.

सातबारा मी ऑनलाइन काढला. त्यावर अकरा नावं आहेत. अकरा! त्यातली दोन माणसं वारलीत आणि वारस लागलेले नाहीत, चार जण मुंबईला, सह्या करायला तयार आहेत म्हणे ते फक्त पाच. कोकणात हे घरोघरी आहे, कोणाची चूक नाही, पिढ्या गेल्या आणि वाटण्या तोंडी राहिल्या. पण एका भावाकडून घ्यायचं आणि मग बाकीच्यांच्या नोटिसा येत राहणार, हे सत्तरीत कशाला. जमिनीला वाट पण नाही, शेजारच्याच्या आगरातून जावं लागतं आणि ते आजोबा मला स्पष्ट म्हणाले की गाडीला वाट देणार नाही.

आता भाव वाढण्याचं. एजंट सागरी महामार्गावर फार बोलतो. बाबा, रेवस-रेडी रस्ता अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय ना आपण, म्हणजे १९८० पासून, तुम्ही तेव्हा कॉलेजात. बाणकोटच्या खाडीवरचा पूल सुरू होऊन अर्धवट राहिला आणि लोक आजही वेश्वी-बागमांडला फेरीबोटीनेच पलीकडे जातात. तो आता महामार्गाच्या कामात नव्याने धरलाय, होईल, मला खात्री आहे की कधीतरी होईलच, आणि झाला की हरिहरेश्वर, श्रीवर्धनकडची गर्दी इकडे वळेल आणि जमिनी महागतील. पण ती वाट बघणारा पैसा तरुण माणसाचा पाहिजे, ज्याला पंधरा वर्षं त्याची गरज पडणार नाही. तुमच्या पैशाला दर तीन महिन्यांनी काहीतरी हातात दिलं पाहिजे. सीनिअर सिटिझन स्कीममध्ये प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात. पडीक वरकस काय देणार, उलट दरवर्षी रान काढायला गडी लावावा लागेल.

घर बांधून पाहुण्यांना भाड्याने द्यायचं म्हणाल तर सीझन कासवांचा, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्च आणि थोडा एप्रिल, मग मे, मग डिसेंबर, बाकी पाऊस. पाऊस म्हणजे ३ हजार मिलिमीटरच्या वर, चार महिने घर बंद, कौलं, बुरशी, गंज. आणि काकूंनी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पोफळी काडीसारख्या मोडल्या, पत्रे उडाले, कित्येक आठवडे लाईट नव्हती. नवीन पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यांची वाडी अजून पूर्वीसारखी नाही. हे सगळं सोसून त्या तिथे राहतात कारण ते त्यांचं घर आहे.

आणि बाबांचा स्टेंट. मंडणगडला पोचायलाच तासभर, हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी त्याच्याही पुढे. यावर मी जास्त लिहीत नाही, आई समजेल.

तुम्हाला समुद्राजवळ राहायचंय हे मला कळतं हो. बाबा तीस वर्षं लोकलच्या दारात उभे राहून गेले आणि तेव्हापासून म्हणतायत की रिटायर झालो की समुद्र. म्हणून मी काकूंशी बोलून आले. त्यांची मागची खोली आहे, संडास आतच, पायरी एकच. महिनाभर राहिलात तरी चालेल म्हणाल्या, जेवण त्यांच्याकडेच. दोन-तीन वर्षं असं जाऊन राहा, एकदा पावसातही राहा. त्यानंतरही वाटलं तर गावठाणातलं एखादं जुनं घर बघू, वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च काढून, सरकारी मोजणी करून, सगळ्या हिस्सेदारांना समोर बसवून. तेव्हा मी पण पैसे घालीन, नक्की.

एजंटचा फोन आला तर शनिवारपर्यंत काही बोलू नका, विसार म्हणून अकरा हजार सुद्धा नाही, नंबर मला द्या. मी शनिवारी येतेय. आई, काकूंनी तुझ्यासाठी सोललेल्या सुपाऱ्या आणि कोकमं दिलीत, डबा माझ्याकडेच आहे. फेब्रुवारीची खोली मी तुमच्या नावाने सांगून ठेवलीये, १० तारखेपासून.

तुमची,
धाकटी