जाहिरात नक्की कुणासाठी?

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. फोनवर सांगायला बसलो तर तू मध्येच "हो, पण क्लायंट म्हणतो" सुरू करणार, म्हणून सरळ लिहूनच पाठवतोय. तुमच्या एजन्सीला ऑनलाइन गेमच्या जाहिरातीचं काम मिळतंय, हे भारीच झालं. गेमचं नाव मी इथं घेत नाही, अजून सह्या व्हायच्या आहेत म्हणालास. पण तू विचारलंस, "तुम्ही खेळणारी माणसं जाहिरातीवर एवढी का खवळता? फुकट तर खेळता!" मर्दा, त्या शेवटच्या वाक्याचा हिशेब आधी चुकता करतो.

फुकट खेळणारे नसतील तर पैसे भरणारा काय करेल? त्याने हजारो रुपये घालून गेममधल्या आपल्या गड्याला सोनेरी सूट घेतला, बंदुकीला चकाकी आणली, ती कुणाला दाखवायची? आमच्यासारख्या फाटक्या बनियनमध्ये पॅराशूटने उतरणाऱ्यांनाच ना? असल्या गेममध्ये शेवटी टिकेल तो जिंकतो, पण मैदानात शंभर माणसं उतरली तरच त्याच्या सुटाला किंमत. ती शंभर माणसं रोज जमवायची म्हणजे कंपनीचं अर्धं काम आम्ही करतो, तेही बिनपगारी. हे क्लायंटच्या कानावर घाल.

आता चिडण्याचं. जाहिरातीवर कुणी चिडत नाही रे. नव्या मॅपचा ट्रेलर आला की तो थांबवून थांबवून बघणारी पोरं माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहेत. मागच्या कोपऱ्यात नवी जीप दिसतेय का, अमुक बंदुकीचा आवाज बदललाय का, यावर तासभर वाद चालतात. एवढा प्रेमळ प्रेक्षक तेल-साबणाच्या जाहिरातीला मिळेल का? राग येतो तो वेगळ्या कारणाने. बाहेरची जाहिरात बोलते अजून न आलेल्या माणसाशी, आणि गेमच्या आतली जाहिरात बोलते आमच्या पाकिटाशी. खेळणाऱ्याशी कुणीच बोलत नाही. लग्नात दारावर अत्तर-गुलाबपाणी आणि पंगतीत बसलेल्याला भात वाढायला कुणी नाही, असला प्रकार.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं की आमची चौकडी जमते. तुझ्या जागी आता हळदीच्या गोदामात हिशेब लिहिणारा अक्षय आहे. नेम चांगला, पण झोनमध्ये, म्हणजे मैदान आक्रसत जातं त्यातल्या सुरक्षित भागात, पळायला कायम उशीर. मध्ये भडंगाचा पुडा उघडलेला. गेम चालू केला की बघ काय होतं. आधी लोगो. मग स्क्रीनभर एक नट, बंदूक घेऊन आपल्याकडे बघतोय. बंद करायची फुली वर कोपऱ्यात, बारीकशी, आणि तीही लगेच उगवत नाही. ती दाबली की पैसे भरून नशिबाचं चाक फिरवायचं पान. ते घालवलं की "आजच टॉपअप करा, दुप्पट मिळवा". त्याच्या मागे "मित्राला बोलवा". बोटाला भडंगाचं तेल, फुली हुकते, आणि मी थेट त्यांच्या स्टोअरमध्ये. तोवर बाकीचे तिघे लॉबीतून कोकलतायत, "रेडी दे की रे!" हे रोजचं आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तुटक्या डिस्प्लेशी झगडून आलेल्या माणसाला खेळायच्या आधी चार दरवाजे ढकलायला लावले, तर तो शिव्या देईल की टाळ्या वाजवेल?

गेल्या मोठ्या अपडेटच्या वेळी कवलापूरचा एक पोरगा आला होता, आठवीतला असेल. फोन वडिलांचा, ६४ जीबीचा, गच्च भरलेला. "दादा, जागा करून द्या." काय उडवायचं ते बघत बसलो. उसाच्या वजनाच्या पावत्यांचे फोटो होते, त्यांना हात लावू देईना. आजीच्या एकसष्टीचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले, गुड मॉर्निंगचे शेकडो मेसेज पुसले, तेव्हा कुठे अपडेट बसलं. विमानातून उडी मारली, पॅराशूट उघडलं आणि गेम बंद. परत लावला, परत तेच. त्याच अपडेटची जाहिरात त्याच फोनवर लख्ख चालत होती, नट नाचत होता. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हे आमच्यासाठी नव्हतंच बहुतेक." मला काही बोलता येईना. त्याचे पैसेही घेतले नाहीत.

आपण पबजी कुठे बघितला ते आठव. होर्डिंगवर? २०१८ ला वालचंदच्या होस्टेलवर कुणाच्या तरी फोनमध्ये बघितला, आणि दिवाळीपर्यंत सगळी विश्रामबाग हेडफोन लावून "मागे बघ, मागे बघ" ओरडत होती. अमंग अस, तो आपल्यातला लपलेला खुनी ओळखायचा गेम, तर आणखी गमतीचा. २०१८ ला आला, दोन वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये स्ट्रीमर, म्हणजे आपला खेळ नेटवर थेट दाखवणारे, तो खेळायला लागले तशी जगभर साथ पसरली. तुझी ताई निरागस आवाजात सगळ्यांना मारून मोकळी व्हायची, आठवतं ना? आणि याच्या उलट सोनीचा कॉन्कॉर्ड हा गेम. एवढं मोठं घराणं पाठीशी असून २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, घेतलेले पैसे परत करावे लागले. माणूस माणसाला ओढून आणतो, तुझ्या भाषेत काय म्हणतात ते तुला माहीत.

तुमच्या लोकांना स्टार घ्यायची फार हौस. घ्या, माझी हरकत नाही, पण गेम तयार असू दे. सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षयकुमारने फौजी या देशी गेमची घोषणा केली. कमाईतला वीस टक्के वाटा शहीद जवानांच्या घरच्यांसाठीच्या 'भारत के वीर' निधीला जाणार म्हणाले, छान वाटलं. पोरांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं की हा आपला पबजी. २६ जानेवारी २०२१ ला आला तर एकट्याने गलवानमध्ये चालायचं आणि काठ्या-बुक्क्यांनी मारामारी करायची. मित्रांबरोबर खेळायची सोयच नाही! देशप्रेम होतं, खेळ कमी पडला. त्यात कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. पण लोक काय समजून बसलेत हे दिसत असताना गप्प बसणं ही पण जाहिरातच झाली की. मग फ्री फायर इंडिया, तसलाच बंदुकीचा गेम. धोनीला घेतलं, ५ सप्टेंबर २०२३ तारीख दिली, दुकानातल्या पोरांनी फोन रिकामे करून ठेवले, आणि आदल्या दिवशी "काही आठवडे थांबा". त्या आठवड्यांची मोजदाद मी सोडून दिली. धोनीवर कुणी चिडलं नाही, त्याच्यावर कोण चिडणार! चिडले ते तारखेवर.

त्या मानाने तुमच्या पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने आपल्या इंडस गेमचं बरं केलं. २०२२ ला घोषणा आणि ऑक्टोबर २०२४ ला गेम, म्हणजे वाट भरपूर बघायला लावली, पण मधल्या काळात खेळणाऱ्यांना बोलावून कच्चा गेम हातात दिला. पूर्वनोंदणीचा आकडा एक कोटीच्या वर गेल्याची जाहिरात झाली, त्याचं मात्र मला फार कौतुक नाही. बटण दाबायला काय जातंय? मीसुद्धा कशाकशाची नोंदणी करून ठेवलीय, नावं आठवत नाहीत.

आता मला आवडलेली जाहिरात सांगतो. २०२२ च्या जून-जुलैत बीजीएमआयची, म्हणजे बंदीनंतर आलेल्या पबजीच्या भारतीय अवताराची, मोठी स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवली, बक्षीस दीड कोटी. आमचे आप्पा क्रिकेट शोधत चॅनल बदलत होते, तिथे थांबले. कॉमेंट्री सुरू, पोरं जर्सी घालून बसलेली, आकडे वर-खाली. "तू करतोस ते हेच का?" म्हणाले. मी हो म्हटलं. पुढचा अर्धा तास त्यांनी रिमोटला हात लावला नाही, आणि जाताना विचारलं, "मग तू का नाही जात तिथं?" लेका, इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदा या खेळाला खेळ म्हटलं गेलं. कुठल्याही नटाने ते केलं नव्हतं. त्याच जुलैच्या २८ तारखेला गेम फोनच्या ॲप स्टोअरवरून गायब झाला, तो २०२३ च्या मे महिन्यातच परत आला. आप्पा अजून अधूनमधून विचारतात, त्या दीड कोटींचं काय झालं म्हणून.

स्ट्रीमरचं थोडक्यात. पैसे घेऊन बोलतोय हे आम्हाला आवाजावरूनच कळतं. एरवी "अबे ये क्या बकवास है" म्हणणारा अचानक "गाईज, क्या अपडेट है!" म्हणायला लागतो. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून सशुल्क पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला सांगितलंय. लिहिलं तर कुणी नाव ठेवत नाही, त्यालाही घर चालवायचंय. डोक्यात जातं ते खोटं आश्चर्य. गेममधली विकतची नशिबाची पेटी उघडतो, सगळ्यात दुर्मीळ बंदूक निघते, हा खुर्चीतून उडी मारतो. पेटीचे पैसे कुणी भरले ते मात्र सांगत नाही.

आणि मग चाक. हे जरा लांबेल, पण याच्यासाठी मी पेन हातात घेतलंय म्हण. गेममध्ये पैसे भरायचे रिडीम कोड मी विकतो, त्यावर माझे चार पैसे सुटतात, त्यामुळे लांबून बोलत नाही. शाळा सुटली की पोरं येतात, दहा-दहाच्या नोटा चुरगळून घामट झालेल्या. काउंटरवर त्या सपाट करून ठेवतात. कोड तिथेच टाकतात, कारण चाक फिरताना बघायला दोस्त हवे असतात. पहिला फेरा स्वस्त, दुसरा महाग, तिसरा त्याहून. काटा हव्या त्या सुटाला जवळजवळ शिवून पुढच्या घरात जातो. "थोडक्यात गेलं!" सगळे एकदम. थोडक्यात वगैरे काही नसतं, काटा कुठं थांबणार ते चाक फिरायच्या आधीच ठरलेलं, फिरणं नुसतं दाखवण्यापुरतं. त्यावर घड्याळ उलटं चालतंय, "उरले दोन दिवस". बेल्जियमने २०१८ लाच असल्या नशिबाच्या विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी बॅटलफ्रंट टू या स्टार वॉर्सच्या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला किती तास घालवावे लागतात यावर खेळणारे पेटले. कंपनीने त्यावर रेडिट या साइटवर, खेळणाऱ्याला गौरवाची भावना मिळावी म्हणून असं आहे, वगैरे उत्तर दिलं, त्याला सहा लाखांहून जास्त नापसंत्या पडल्या, आणि गेम बाजारात येण्याच्या तोंडावर पैशाची खरेदी काही काळ बंद ठेवावी लागली.

आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, ईस्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमला, वेगळं काढून मान्यता दिली. चांगलं झालं. पण दुकानात आलेली आई मला विचारते, "तो बंद झालेला जुगार आणि हे, यात फरक काय हो?" मी सांगायला जातो की काकू, यात नेम लागतो, चौघांचं डोकं लागतं, पैसे न घालता जिंकता येतं. आणि तेवढ्यात तिच्या पोराच्या फोनवर चाक फिरायला लागतं. कसं पटवू? खेळाची अब्रू तुमच्या जाहिरातीने घालवली आणि निस्तरायची मी!

तर क्लायंटला काय सांगशील? पहिल्या पडद्यावर नटाच्या जागी मागच्या महिन्यात काय दुरुस्त केलं ते लिहा: अमुक फोनवर गेम बंद पडत होता, आता पडत नाही, चीटर इतके काढले. त्याला फुली दिली नाही तरी चालेल, आम्ही वाचू. ट्रेलर एखाद्या दहा हजारांच्या फोनवर खेळून चित्रित करा, जसा दिसतो तसा. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये उभा करता तो मंडप एकदा मिरजेत किंवा इस्लामपुरात (आताच्या ईश्वरपुरात) टाका, कॉलेजांच्या टीम लावा, आई-बापांना खुर्च्या द्या. बक्षीस छोटं असलं तरी चालेल, वेळेवर द्या म्हणजे झालं. चाकाबद्दल ते ऐकणार नाहीत, मला माहीत आहे, पैसा तिथूनच येतो. निदान पोरांच्या अकाउंटवर ते उलटं घड्याळ लावू नका, एवढं तरी मांडून बघ.

गेम बाजारात आणायच्या आधी साध्या फोनवर तपासायला पोरं हवी असतील तर माझ्याकडे आहेत. कवलापूरचा तो पहिला. पण येण्या-जाण्याचं भाडं आणि जेवण क्लायंटने द्यायचं, आणि त्यांनी जे सांगितलं ते कुणीतरी लिहून घ्यायचं. काकांच्या फोनला नवी बॅटरी टाकलीय, बुधवारी एसटीने पार्सल करतो, स्वारगेटला उतरवून घे. ताईला आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पम्या