हाताला ऊन लागतंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आजीची पाठ, तिने किती खाल्लं, डायपर संपले का, एवढ्यातच वेळ जातो आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर राहून जातं.

दिवाळीत ओट्यावर बसून बाबा, तुम्ही विचारलं होतंत, "पंधरा वर्षं नर्स म्हणून काढलीस, हात बसलाय तुझा. आता बिनपगारी रजा काढून दोन वर्षं एम.एस्सी. करायची, म्हणजे इंजेक्शन काय वेगळं देणार आहेस?" तुम्ही रागाने विचारलं नव्हतं. माझ्या घराचे हप्ते तुम्हाला माहीत आहेत, त्या काळजीने विचारलं होतं. मी "बघू" म्हणून उठले, कारण नीट उत्तर माझ्यापाशी नव्हतं. ते मला पुढच्याच महिन्यात आईच्या फोनमुळे सापडलं.

आई, त्या सकाळी तू म्हणालीस, "आत्याबाईंच्या माकडहाडापाशी दिसत काहीच नाही, लाल नाही की काळं नाही. पण हाताला ऊन लागतंय. आणि बाकीच्या पाठीपेक्षा घट्ट लागतंय." मी वॉर्डात होते. हातातलं काम बाजूला ठेवून मी तुला पहिली गोष्ट विचारली, आजीच्या खाली काय आहे? तू म्हणालीस, शेजारच्या काकूंनी दिलेली हवेची रिंग. मी ती लगेच काढायला सांगितली आणि शनिवारची एसटी पकडून आले.

रिंग का काढायला लावली ते तेव्हा घाईत सांगायचं राहिलं. आपल्याला वाटतं मधे पोकळी आहे, म्हणजे हाडावर भार येणार नाही. पण रिंगेची कड गोलाकार दाबत राहते आणि मधल्या भागाकडे जाणारा रक्तपुरवठाच कमी पडतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि मांस चेपून राहिलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तो भाग उपाशी पडतो. बरेचदा इजा आत, हाडाजवळ सुरू होते. वर जखम दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं.

पुस्तकात बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी अशी दिलेली असते: कातडी लाल दिसते, बोटाने दाबून सोडली तरी पांढरी पडत नाही. चित्रं असतात ती गोऱ्या कातडीची. आजीचा रंग सावळा. तिच्या पाठीवर ती लाली दिसणारच नव्हती. मी आले तेव्हा बॅटरी लावून पाहिलं, मलाही काही दिसलं नाही. मग तू माझा हात धरून त्या जागेवर ठेवलास. खरंच ऊन होतं, आणि दाबल्यावर आजी कण्हली.

सावळ्या-काळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, हात लावून आजूबाजूच्या भागाशी तुलना करावी, गरम किंवा गार, घट्ट किंवा मऊ, दुखतं का ते पाहावं, असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं. तरी वॉर्डात आलेल्या नव्या मुलींना मी वर्षानुवर्षं "लाली दिसते का बघा" एवढंच सांगत आले. तू काही वाचलेलं नव्हतंस. तू रोज सकाळी आजीला कोमट पाण्याने पुसताना पाठीवरून तळहात फिरवतेस, म्हणून कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते तुझ्या हाताला कळलं.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कधी सांगितली नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. माझ्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा होते, बाबांच्या आताच्या वयाचे. रात्रपाळीला मी त्यांची पाठ पाहिली तेव्हा कमरेखाली रुपयाएवढा लाल डाग दिसला. वरिष्ठांनी शिकवलं होतं तशी मी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ जोरजोरात चोळली. तीच तर आमची 'बॅक केअर'. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला रुग्णांची माहिती देताना, सलाईन सांगितलं, ताप सांगितला, लघवी किती झाली तेही सांगितलं. डाग सांगायचा राहिला. पुढच्या दोन दिवसांत माझी सुट्टी होती. परत आले तेव्हा कातडी फाटलेली होती, आणि नंतर ती जखम हाडापर्यंत गेली. ते घरी गेले त्या दिवशी त्यांच्या मुलीने माझे दोन्ही हात धरून आभार मानले. मला तिच्याकडे बघवलं नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी मी परीक्षेत नॉर्टन स्केलवर उत्तर लिहिलं होतं. डोरीन नॉर्टन ही इंग्लंडमधली नर्स. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातल्या अंथरुणात हालचाल, आणि लघवी-शौचावरचा ताबा, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली की बेडसोअरचा धोका. हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्या आजोबांची बेरीज मी एकदाही केली नाही. कुणी करत नव्हतं. कॉलेजचं कॉलेजात, वॉर्डचं वॉर्डात, असंच आम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकवलं गेलं. आणि जोरात चोळल्याने आधीच दुखावलेल्या मांसाला आणखी इजा होते हे मला फार उशिरा, एका प्रशिक्षणात कळलं. तेव्हा पुन्हा त्या आजोबांची पाठ डोळ्यांसमोर आली.

बाबा, तुम्ही गाडी डेपोला लावल्यावर लॉगशीटवर लिहायचात, ब्रेक उशिरा लागतो, डावीकडे ओढते. मी लहानपणी विचारलं होतं, घरी जायची घाई असताना हे कशाला लिहीत बसता? तुम्ही म्हणाला होता, सकाळी गाडी दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. माझी सकाळची ओव्हर तशी झाली असती तर ते आजोबा कदाचित वाचले असते त्या यातनेतून. जे मी वाचलं ते हातात यायला हवं होतं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते कागदावर जायला हवं होतं. दोन्ही झालं नाही.

दुसऱ्या बाजूचीही एक हकीकत तुम्हाला सांगायची आहे. चिनू झाला तेव्हा त्याला कावीळ म्हणून तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं आणि आई काचेबाहेर उभी राहून रडत होती, आठवतं? तो उपचार निघाला एका नर्सच्या निरीक्षणातून. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना बरं, असं त्यांचं मत होतं, म्हणून चांगल्या हवेच्या दिवशी त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ मध्ये राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि एक त्रिकोणी तुकडा तेवढा पिवळाधमक. डॉक्टरांना आधी वाटलं काहीतरी औषध फासलंय. पण तिथे चादरीचं टोक पडलेलं होतं. जिथे ऊन पोचलं नाही तिथे कावीळ तशीच राहिली होती. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, उतरलेलं आढळलं, त्याच रुग्णालयातल्या लोकांनी दिव्यांची पेटी करून मोजमापं घेतली आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की सिस्टर वॉर्डनी ते बाळ दाखवलं. "असेल काहीतरी" म्हणून दुपटं गुंडाळून टाकलं नाही. आणि समोरच्याने ते ऐकून घेऊन तपासलं. (आता मात्र कुणाच्या बाळाला कावीळ दिसली तर उन्हात धरून बसू नका म्हणावं. रक्त तपासायला हवं, वाढलेली कावीळ मेंदूला इजा करते.) आमच्या वॉर्डांत अशी किती निरीक्षणं रोज होतात आणि पाळी संपली की विरून जातात. ती कशी नोंदवायची, कशी पडताळायची, खरी निघाली तर शिकवण्यात कशी आणायची, हे मला येत नाही. तेच शिकायला चालले आहे.

बाबांना आकडे लागतात, म्हणून एक आकडाही देते. २०१४ मध्ये लिंडा एकन या नर्स-संशोधक बाईंनी युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं आणि ऑपरेशन झालेले ४ लाखांहून जास्त रुग्ण यांचा अभ्यास छापला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि जिथे पदवी घेतलेल्या नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त होतं तिथे ती ७ टक्क्यांनी कमी दिसली. पदवीनेच जीव वाचले असं यावरून छातीठोक म्हणता येत नाही, अशा रुग्णालयांत इतरही गोष्टी चांगल्या असू शकतात. पण शिकून काही फरक पडत नाही, असं म्हणणंही आता सोपं राहिलेलं नाही.

आता आजीचं, आणि आई, तुझ्या झोपेचं.

ती जागा आता गार आणि मऊ आहे असं तू परवा सांगितलंस, मी फोनवरच डोळे पुसले. चार महिने तू आजीची कूस बदलायला रात्री दर दोन तासांनी उठतेस. दोन तासांचा नियम मीच तुला दिला. पण तुझी साखर वाढली आहे आणि तू दिवसा चुलीपाशी पेंगतेस हे बाबांनी मला गुपचूप सांगितलं. म्हणून मी शोधत बसले. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत नऊशेहून जास्त माणसांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. सगळ्यांना जाड, भरीव फोमच्या गाद्या दिल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काहींना दोन, काहींना तीन, काहींना चार तासांनी कुशीवर वळवलं. तीन आठवड्यांत जखमा होण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक आढळला नाही.

हे वाचून मी लगेच तुला सांगितलं नाही. आपल्याकडे साधी कापसाची गादी होती, आणि त्या अभ्यासात ब्रेडन नावाच्या, बेडसोअरचा धोका मोजणाऱ्या मापनात (गुण जितके कमी तितका धोका जास्त) १० ते १४ गुण असलेलीच माणसं होती, त्याहून जास्त धोक्यातली नव्हती. म्हणून आधी फोमची गादी पाठवली, आणि गेल्या खेपेला आजीचे गुण मोजले. १४ भरले. ती अजून स्वतः थोडी सरकते, खुर्चीत अर्धा तास बसते, दूध-अंडं खाते, त्याचे ते गुण. तालुक्याच्या डॉक्टरांशीही बोलले, त्यांनाही पटलं.

तर रात्री असं करू. दहाला डाव्या कुशीवर, एकला उताणी, चारला उजव्या कुशीवर. कुशीवर म्हणजे पुरती आडवी नको, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे गोधडीची घडी लावून थोडीशीच कलती ठेवायची. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी खालची चादर दोन बाजूंनी धरून उचलायचं. भरवताना डोकं उंच हवं आणि नंतर अर्धा तास तसंच, पण एरवी फार उंच नको, ती घसरते आणि कातडी ओढली जाते. स्पिरिट, पावडर, चोळणं काही नको. पुसून कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचा हलका हात. दिवसा मात्र दोन तासच.

आणि प्रत्येक वेळी आई, तुझा तळहात. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, खांदे. जरा जरी ऊन किंवा घट्ट लागलं तर त्याच क्षणापासून परत दोन तासांवर यायचं आणि मला फोन करायचा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

एकची पाळी बाबांची. बाबा, तुम्हाला आजीला हात लावायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण ती तुमची आई आहे आणि तिला तुमचा हात कळतो. गेल्या वेळी तुम्ही तिचा पाय उशीवर ठेवलात तेव्हा तिने तुमचं लहानपणीचं नाव घेतलं होतं. चारला तुम्ही दोघं मिळून करा, एकला आईला उठवू नका.

सोबत दोनशे पानी वही पाठवते आहे. तीन रकाने आखले आहेत: वेळ, कूस, हाताला काय लागलं. लॉगशीटसारखी लिहा, काही नसेल तर "नेहमीप्रमाणे" लिहा, पण रकाना कोरा सोडू नका. पहिल्या सत्रात मला विषय निवडायचा आहे, तेव्हा सरांना मी आईचं ते वाक्य सांगणार आहे, तिच्याच शब्दांत.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. आजीसाठी मऊ सुती गाउन घेतलेत, पाठीमागे उघडणारे. शिवण पाठीखाली येत नाही.

तुमची,
माई