टर्फच्या कडेला बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत स्पोर्ट्स फोटोग्राफीत यायचं असेल तर कुठला कॅमेरा घ्यावा, कुठली लेन्स घ्यावी यावर लेख आला होता. तो इथे ग्वाल्हेरला आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि ओळखीच्या सगळ्यांनी मला पाठवला, कारण सप्टेंबर 2026 मध्ये मी जपानला चाललेय, ऐची-नागोयाच्या आशियाई खेळांना, एका फोटो एजन्सीच्या टीममधून, आणि माझ्याकडे महिला हॉकी आलीय. लग्नाचे, मुंजीचे फोटो काढत काढत याच कामाची मी वाट बघत होते. लेख चांगला होता, पण तयारी म्हणजे गिअर एवढंच असं वाचणाऱ्या पोरापोरींना वाटेल आणि लाखांचे आकडे बघून ती गप्प बसतील, म्हणून लिहितेय.

गिअर लागतंच, नाही कोण म्हणतंय. चारशे एमएमची एफ 2.8 लेन्स दहा लाखांच्या वर जाते, ती भाड्यानेच घ्यायची, फक्त निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका, आधी हाताला सवय करा, कारण जवळजवळ तीन किलोची ती लेन्स मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, धरून पळत्या मुलीच्या चेहऱ्यावर फोकस टिकवणं हे यूट्यूब बघून येत नाही. शटर 1/1000 सेकंदापेक्षा हळू नको, बॉल हवेत थांबलेला पाहिजे तर 1/2000. दुसऱ्या कॅमेऱ्यावर 70-200 ची झूम लेन्स, दोन्ही मेमरी कार्ड चालू. सेटिंग्ज म्हणाल तर एवढंच, बाकी हात बसला की येतं.

खरी तयारी आहे ती खेळ कळण्याची. पेनल्टी कॉर्नरच घ्या, म्हणजे बचाव करणाऱ्यांकडून गोलजवळ चूक झाली की समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी. बचाव करणाऱ्या, गोलकीपर धरून पाच जणी बॅकलाइनच्या, म्हणजे गोलच्या रेषेच्या, मागे, तोंडाला मास्क, आणि वेळ जेमतेम 40 सेकंद. बॉल पुश झाला की डी च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर थांबवायचा आणि मग ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत गोलकडे भिरकावायचा, हे सगळं दोनेक सेकंदात आटपतं. बॉल दिसला आणि मग बटण दाबलं तर फोटो गेला. गाणाऱ्याला सम कुठे येणार ते आधीच ठाऊक असतं तसं आपल्याला ठाऊक पाहिजे, आणि हे ग्वाल्हेरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी इथल्या हॉकी अकादमीच्या मुलींची प्रॅक्टिस बघायला जाते तेव्हा कितीतरी वेळ कॅमेरा बॅगेतच असतो. बचाव करणाऱ्यांतली बॉलकडे पहिली धावणारी मुलगी, जिला फर्स्ट रशर म्हणतात, तिच्याकडेच बघत बसते. एक पाय गोलच्या आत दाबून धरलेला, ग्लव्हवाला हात पोस्टला टेकलेला, मास्कच्या दांड्यांवर टर्फच्या पाण्याचे थेंब, आणि पुश व्हायच्या आधी तिचा खांदा किंचित खाली जातो. तो खांदा गेला की बोट दाबायचं. फ्लिक मारणाऱ्या मुलीचे फोटो सगळेच काढतात, पण अंगावर येणाऱ्या बॉलच्या दिशेने धावत सुटलेल्या या मुलीचा फोटो मला जास्त खरा वाटतो, आणि तो पाहिजे तर गोलच्या बाजूला बॅकलाइनमागे जमिनीलगत बसावं लागतं, स्टँडमधून मिळत नाही तो.

दुसरी तयारी नावांची. फोटो कितीही भारी असू दे, कॅप्शनमध्ये नाव चुकलं की त्या मुलीच्या गावात काय वाटत असेल विचार करा. संघात मणिपूरच्या देवी, झारखंडच्या टेटे आणि डुंगडुंग, मिझोरामची लालरेमसियामी, आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, यातल्या कुणाकुणाची निवड होईल ते होईल, पण जर्सी नंबर आणि नावाचं स्पेलिंग माझ्या लॅपटॉपमध्ये आधीच भरलेलं असणार, म्हणजे नंबर टाइप केला की पूर्ण नाव येतं आणि मॅचचा तो क्वार्टर संपायच्या आत फोटो एजन्सीच्या डेस्कला जातो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली तर आपल्याकडे साडेतीनच वाजलेले असतात, म्हणजे मराठी पेपरांना दुसऱ्या दिवशीच्या पानासाठी भरपूर वेळ मिळतो, आणि या वेळी तरी महिला हॉकीचा फोटो न लावायला कुणाकडे कारण उरणार नाही!

बाकी बारीकसारीक खूप आहे, जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल तेवढं सांगते. नागोयाच्या भागात वीज 100 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50, त्यामुळे लाइट्सचं फ्लिकर, म्हणजे लुकलुकणं, फोटोत वेगळं येतं, कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करून तिथे गेल्यागेल्या टेस्ट करायचं. प्लगला दोन चपट्या पिना लागतात. सप्टेंबर म्हणजे तिकडे वादळांचा सीझन, रेन कव्हर हाताशी पाहिजे. बॅटऱ्या केबिन बॅगेतच. आणि निघताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून गिअरचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना आपल्याच लेन्सवर ड्युटी भरा म्हणतील.

शिट्टी वाजल्यावर कॅमेरा खाली ठेवायचा नाही हेही मी स्वतःला बजावून ठेवलंय. टोकियो ऑलिंपिकला ब्रिटनकडून 3-4 हरून ब्राँझ गेलं तेव्हा आपल्या मुली टर्फवर बसून रडत होत्या, आजही लोकांना स्कोअरपेक्षा ते चेहरेच आठवतात. हांगझोऊच्या आशियाई खेळांत जपानला 2-1 हरवून ब्राँझ घेतलं, आणि नंतर जानेवारी 2024 मध्ये रांचीला त्याच जपानने 1-0 ने पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट हिसकावलं. आता खेळायचंय जपानच्याच घरी. महिला हॉकीत आशियाई खेळांचं सुवर्ण आपल्याकडे एकदाच आलंय, 1982 ला दिल्लीत, त्याला 44 वर्षं होतील. ते पुन्हा आलंच तर त्या क्षणी मी कुठे बसलेली असेन, सूर्य कुठल्या बाजूला असेल, मुली कुठल्या डगआउटकडे धावतील, हे सगळं मी आत्तापासून कागदावर काढत असते.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं शिकायला मला टर्फच्या कडेला बसायला मिळालं, पण ते सहज नाही मिळालं. एका स्पर्धेत मला गेटवरूनच परत पाठवलं होतं, पास नाही म्हणून, आणि आत तर एकही फोटोग्राफर नव्हता. इथलं रूपसिंह स्टेडियम म्हटलं की लोकांना सचिनचे 200 आठवतात, 24 फेब्रुवारी 2010 चे, आणि आठवावेतच, पण कॅप्टन रूपसिंह हॉकीचे, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, 1932 ला लॉस एंजेलिसला अमेरिकेला 24-1 हरवलं त्यात 10 गोल त्यांचे. इशिका चौधरीसारखी मुलगी याच गावातून भारतासाठी खेळली. अशा गावात शाळा-कॉलेजच्या, जिल्ह्याच्या मॅचेस होतात आणि त्यांचा एक धड फोटो कुठे सापडत नाही, सापडतो तो बक्षीस समारंभाचा, पाहुण्यांचा. महाराष्ट्रातही फार वेगळं चित्र नसावं असं तुमचं क्रीडा पान बघून वाटतं, राग मानू नका.

तर विनंती अशी की संघटनांनी जिल्हा पातळीच्या मॅचला ओळखपत्र बघून होतकरू मुलामुलींना बॅकलाइनमागे बसू द्यावं, अंगावर बिब, म्हणजे फोटोग्राफरची ओळख पटवणारं जाकीट, द्या, फ्लॅश मारायचा नाही असं बजावा, पण बसू द्या, कारण मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला तिथे शिकायला वेळ नसतो. आणि तुम्ही आठवड्यातून एक फोटो अशा मॅचचा छापा, खेळाडूच्या पूर्ण नावासह आणि फोटो काढणाऱ्याच्याही नावासह. ऑक्टोबरमध्ये परत आले की ग्वाल्हेरकडच्या मुलांचे फोटो निवडून, कॅप्शन तपासून पाठवायचं काम मी करीन, पैसे नकोत. कुठल्या ईमेलवर पाठवायचे आणि कुठल्या वारापर्यंत, तेवढं कळवा.

आपली,
एक फोटोग्राफर वाचक
लष्कर, ग्वाल्हेर