दादा-वहिनी, लंडनचे तीन दिवस असे करा

लेस्टर, १४ जुलै

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

दादा, तुझी लंडनची यादी मिळाली. अठरा ठिकाणं आहेत. दोन रात्री नि तीन दिवसांत त्यातली सहा-सात नीट बघून होतील, म्हणून कात्री लावून पाठवतोय.

यादी ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, नकाशा समोर ठेवून केलेली दिसते. हॅरी बेक यांनी १९३१ साली आखलेला तो नकाशा गाडी कुठे बदलायची ते उत्तम सांगतो, पण वरच्या जमिनीवरचं अंतर त्यात कळत नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन जेमतेम पाव किलोमीटर आहे. ट्यूबने गेलात तर सरकते जिने, फलाट आणि पुन्हा लिफ्टची रांग. लिफ्ट टाळली तर १९३ पायऱ्या, आणि त्या वहिनींच्या गुडघ्यांना नकोत. रस्त्याने पाच मिनिटं लागतात. ठिकाण ठरवताना रस्त्यांचा नकाशा उघडायचा, ट्यूबचा नंतर.

इथून लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला गाडी सव्वा तासात पोचते. आधी 'टू टुगेदर' रेलकार्ड काढू या. दोघांच्या नावाचं एकच कार्ड, वर्षाचे ३५ पौंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट. पासपोर्टच्या आकाराचे फोटो दोघांचेही आणा. सूट फक्त दोघं बरोबर असाल तरच मिळते आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही. शुक्रवारी निघताय, तेव्हा साडेनऊनंतरचीच गाडी घ्या. स्वस्तातलं 'ॲडव्हान्स' तिकीट त्याच एका गाडीचं असतं. ती चुकली की तिकीट वाया. परतीचं तसं काढू नका.

शहरात फिरायला वेगळं तिकीट लागत नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरतं. मात्र माणशी एक कार्ड हवं, एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. ज्या कार्डाने आत शिरलात त्याच कार्डाने बाहेर पडा. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन लावला, तर खातं तेच असलं तरी यंत्राच्या हिशेबी ते दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागतं. पाकीट तसंच यंत्रावर टेकवू नका, आतलं भलतंच कार्ड वाचलं जातं. कार्ड बाहेर काढून पिवळ्या गोलावर सपाट ठेवा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत हलवू नका. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. चढताना कार्ड लावायचं, उतरताना नाही. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. ती मिळायला दिवसभर तेच कार्ड वापरा.

मुक्काम रसेल स्क्वेअर किंवा यूस्टनच्या आसपास करा. त्या भागात जुन्या घरांची हॉटेलं झाली आहेत आणि कित्येकांत लिफ्ट नाही, तेव्हा खोली घेताना आधी ते विचारा. बॅगा हॉटेलवर ठेवूनच बाहेर पडा. चाकांची बॅग ब्रिटिश म्युझियमच्या दारातून परत पाठवतात.

शुक्रवार म्युझियमला द्या, त्या दिवशी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी नोंदवली की रांग आखूड होते. रोझेटा शिळा चौथ्या दालनात आहे. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं ३३ए मध्ये आहेत, ती चुकवू नका.

शनिवारी टॉवर ऑफ लंडन. नऊला उघडतो, पावणेनऊला दारात असा. तिकीट घरूनच काढून ठेवू. आत गेल्यावर वाटेत कुठेही न थांबता आधी ज्वेल हाउस, म्हणजे राजमुकुटांचं दालन, गाठा, कारण अकरानंतर तिथली रांग अंगणात येते. मुख्य मुकुटांसमोरून सरकता पट्टा नेतो, आणि पुन्हा बघावंसं वाटलं तर मागे येऊन परत चढता येतं. कोहिनूर राणीमातेच्या १९३७च्या मुकुटात आहे. लंडनमध्ये १८५२ साली पुन्हा पैलू पाडले तेव्हा १९१ कॅरेटचा १०५.६ वर आला, म्हणून अपेक्षेपेक्षा लहान वाटेल. फोटो काढू देत नाहीत. तिथून टॉवर ब्रिज पायी ओलांडा (फुकट आहे, पैसे वरच्या मजल्याला पडतात) आणि नदी उजव्या हाताला ठेवून मिलेनियम ब्रिजपर्यंत चाला. तो पादचारी पूल थेट सेंट पॉल कॅथेड्रलसमोर उतरवतो. दमलात तर तिथून १५ नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअरला नेते.

रविवारची सकाळ मात्र कापू नका. ट्यूबने वॉरिक ॲव्हेन्यूला उतरा. शनिवार-रविवारी कामासाठी मार्ग बंद ठेवतात, म्हणून आदल्या रात्री ॲपवर बघून घ्या. पाच-सात मिनिटांवर १०, हाउली प्लेस. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य इथे आले, तेव्हा १९१८-१९ मध्ये या घरात राहिले. निळी गोल पाटी भिंतीवर आहे. घर खाजगी आहे, पाटी फुटपाथवरूनच बघायची. मग पूल ओलांडून कालव्याच्या कडेच्या ब्लूमफील्ड रोडने चालू लागा. एजवेअर रोडला कालवा बोगद्यात शिरतो आणि त्यात पायवाट नाही. इथेच लोक रस्ता चुकतात. रस्ता ओलांडून समोरच्या ॲबरडीन प्लेसने सरळ जा, टोकाला पायऱ्या पुन्हा पाण्याशी उतरवतात. वाट अरुंद आहे, मागून सायकलची घंटी आली की कडेला व्हा. प्राणिसंग्रहालय लागलं की वर या आणि प्रिमरोज हिल चढा. चढ सोपा आहे, आणि माथ्यावरून आदल्या दिवशी पाहिलेलं सगळं शहर समोर दिसतं. पलीकडे उतरलात की १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकताना इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली विकत घेतलं. जाण्याआधी उघडायची वेळ बघून ठेवा. सगळं मिळून चार-साडेचार किलोमीटर आहे, रमतगमत दोन तास धरा.

जवळच चॉक फार्म स्टेशन आहे, तिथून ट्यूबने यूस्टन. स्टेशनामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, थाळी सगळं शाकाहारी मिळतं. जेवा, हॉटेलातून बॅगा घ्या आणि सेंट पँक्रसला चालत या.

वहिनी, नवे बूट घेतलेत तर आतापासून रोज घालून सैल करून ठेवा. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचा
धाकटा